मारामारी कापू नका

पिंजरा उभा आहे. आत रियू आणि समोर वेगा, खेळात नख्यांच्या पंजाने समोरच्याला ओरबाडणारा तोच वेगा. भोवती गर्दी ओरडते आहे. थेटरात बसलेली पोरंही ओरडत असणार, कारण या दोघांना त्यांनी पार्लरमध्ये शेकडो वेळा झुंजवलेलं आहे. आता तीच झुंज मोठ्या पडद्यावर दिसणार. नेमक्या त्या क्षणी भिंत फोडून एक चिलखती गाडी आत घुसते, कर्नल गाईल हजर होतो आणि जमलेल्या सगळ्यांना अटक करतो. लढत रद्द.

हा १९९४ चा 'स्ट्रीट फायटर'. लेखक-दिग्दर्शक स्टीव्हन डी सूझा, 'डाय हार्ड'च्या पटकथाकारांपैकी एक. नायक ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम. जगभर गाजलेल्या मारामारीच्या गेमवरचा सिनेमा, आणि त्यात ठरलेली लढत सुरू होण्याआधीच छापा घालून बंद पाडली जाते. रियू आणि वेगा शेवटच्या धुमश्चक्रीत भिडतात खरे, पण तोवर चहूकडे बंदुका आणि स्फोट सुरू झालेले असतात. या दोघांकडे नीट बघायला कॅमेऱ्याला सवड नसते.

त्यानंतर गेल्या तीस वर्षांत या जातीचे कितीतरी सिनेमे आले आणि बहुतेक पडले. प्रत्येक वेळी खापर कथेवर फोडलं जातं. गेमला कथाच नसते, मग त्याचा सिनेमा कसा होणार, असं समीक्षक म्हणतात आणि निर्मातेही तेच म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. हे सिनेमे पडतात ते मारामारीवर विश्वास नसल्यामुळे. ज्या एका गोष्टीसाठी लोक आले, तीच दाखवायची यांना लाज वाटते.

'स्ट्रीट फायटर टू' जपानच्या कॅपकॉमने १९९१ साली आणला. त्यात पडद्यावर काय असतं ते एकदा नीट बघा. दोन माणसं, बाजूने दिसणारी, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. वर दोन पट्ट्या, कोणात किती जीव उरला आहे ते सांगणाऱ्या. मधे ९९ पासून उलटं धावणारं घड्याळ. हे दोघं पडद्यावरून क्षणभरही हलत नाहीत. ठोसा कुठून निघाला, कुठे लागला, चुकला तर किती अंतराने चुकला, सगळं एकाच चौकटीत दिसतं. खेळणाऱ्याला दिसतं, तसंच त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्यांनाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जी व्हिडिओ गेम पार्लरं निघाली, तिथे खेळणारे दोन आणि बघणारे दहा असत. बघणाऱ्यांना जपानी येत नव्हतं आणि बहुतेकांचं इंग्रजीही बेताचंच होतं. तरी कोण भित्रा, कोण उतावळा, कोण लबाड हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळायचं.

कारण स्वभाव अंगात होता. गाईल हा लष्करातला माणूस. त्याचा 'सॉनिक बूम' मारायचा तर दांडी आधी मागे ओढून धरावी लागते, दम धरावा लागतो, मग पुढे ढकलून ठोशाचं बटण दाबायचं. त्यामुळे गाईल घेऊन खेळणारा आपोआप संयमी होतो. दबा धरून बसतो आणि समोरच्याला चूक करू देतो. झांगीफ हा रशियन मल्ल. त्याची सगळ्यात भयानक पकड लावायला दांडी गरकन पूर्ण वर्तुळात फिरवावी लागते, आणि त्याआधी समोरच्याच्या अंगाला जाऊन भिडावं लागतं. लांबून येणारा मारा खात, एकेक पाऊल पुढे सरकत झांगीफ पोचतो तेव्हा बघणारे श्वास रोखून धरतात. चुन-ली हलकी, तिचे पाय डोळ्यांना दिसू नयेत इतक्या वेगाने चालतात. धालसिम संथ, पण त्याचा हात पडद्याच्या अर्ध्यातून ताणत येतो, त्यामुळे तो जवळ न येताच माणसाला छळतो. दांडी आणि सहा बटणांच्या बळावर उभी केलेली ही माणसं आहेत. एकाही संवादाची गरज लागलेली नाही.

आणखी एक. ठोशामागून ठोसा जोडून मारायच्या मालिकेला खेळणारे 'कॉम्बो' म्हणतात. कॅपकॉमने तो ठरवून घातलेला नव्हता. चाचणी घेताना लक्षात आलं की ठरावीक वेळ साधली तर पहिल्या ठोशातून समोरचा सावरायच्या आत दुसरा बसतो. त्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही, राहू दिली. पुढे मारामारीच्या गेमची अख्खी जात त्या सलगपणावर उभी राहिली. आता सिनेमावाले काय करतात ते सांगतो. ते या सलगपणावरच कात्री चालवतात.

१९९४ च्या सिनेमात वाट पाहणारा गाईल सगळ्यांच्या पुढे धावणारा नायक झाला, कारण नट मोठा होता. खेळाचे खरे नायक रियू आणि केन खोट्या बंदुका विकणारे भुरटे झाले. सिनेमातल्या कितीतरी कलाकारांचा मारामारीशी आधी संबंध नव्हता आणि तयारीला वेळही मिळाला नाही, ते पडद्यावर उघड दिसतं. काइली मिनोग ही गायिका, ती कॅमी. ती उभी राहते तेव्हा पायावर वजन कसं घ्यायचं हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही. दोष तिचा नाही. तिला घेणाऱ्याचा आहे.

आपल्याला सगळ्यात जास्त बोचायला हवा तो धालसिम. खेळात हा भारतीय योगी लढवय्या आहे. सिनेमात ही भूमिका रोशन सेठ यांनी केली. 'गांधी'मध्ये आणि पुढे 'भारत एक खोज'मध्ये ज्यांनी नेहरू उभे केले, तेच रोशन सेठ. एवढ्या ताकदीच्या नटाच्या हाती काय दिलं? प्रयोगशाळेचा कोट. धालसिम इथे कैदेत अडकलेला शास्त्रज्ञ आहे. खलनायकाच्या हुकमावरून त्याला एका सैनिकाचा राक्षस बनवायला लावतात आणि तो लपूनछपून त्यात अडथळे आणतो. योगी नाही, लढवय्या म्हणून एकही लढत नाही, लांब होणारा हात नाही. शेवटी डोक्यावरचे केस जातात, कपडे फाटतात, आणि तेवढ्यावर प्रेक्षकाने हा धालसिम आहे असं समजून घ्यायचं. सेठ यांनी ती भूमिकाही प्रतिष्ठेने केली आहे. ती प्रतिष्ठा त्यांची, सिनेमाची नाही.

त्या सिनेमात खेळ कळलेला एकच माणूस होता, खलनायक बायसन करणारे रॉल ज्युलिया. पोर्तो रिकोत जन्मलेले, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवलेले. ते तेव्हा गंभीर आजारी होते. चेहरा ओढलेला आहे, गणवेश अंगावर सैल दिसतो. पण हात उचलतात ते अख्ख्या खांद्यातून, मान वळवतात ती आधी डोळे वळवून. चुन-ली त्यांना सांगते की तू माझ्या बापाला मारलंस, तो दिवस मी विसरले नाही. ते शांतपणे सांगतात की माझ्यासाठी तो एक साधा मंगळवार होता. एवढ्या एका उत्तरात पात्र उभं राहतं. २४ ऑक्टोबर १९९४ ला ते वारले आणि सिनेमा २३ डिसेंबरला लागला. मुलांना हा गेम आवडतो म्हणून त्यांनी भूमिका घेतली होती. पोरांच्या खेळाला क्षुल्लक न मानणारा तेवढा एकच मोठा माणूस त्या सेटवर होता, असं मी म्हणतो.

सिनेमाने पैसे मिळवले, हे इथे सांगायला हवं. साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च आणि जगभरातून दहा कोटींच्या घरात कमाई. म्हणूनच तो घातक ठरला. नाव पुरतं, झुंज दाखवली नाही तरी तिकिटं खपतात, हा धडा निर्मात्यांनी त्यातून घेतला.

आणि गेममधली ही झुंज मुळात सिनेमातूनच आलेली होती. धालसिमचा लांब होणारा हात आकाशातून पडला नाही. १९७६ च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या सिनेमात असाच हात ताणणारा भारतीय योगी एका स्पर्धेत उतरतो. तो योगी म्हणजे परदेशातल्या माणसाने कल्पनेने रंगवलेला भारत होता, आणि गेमवाल्यांनी त्यावर कवट्यांची माळ घालून तो आणखी भडक केला. मला ती माळ कधीच आवडली नाही. पण हात आवडला, आणि आजही आवडतो. 'मॉर्टल कॉम्बॅट'चंही तसंच. एड बून आणि जॉन टोबायस यांना आधी व्हॅन डॅमलाच घेऊन गेम करायचा होता. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी जॉनी केज नावाचा सिनेनट पात्र म्हणून उभा केला. 'ब्लडस्पोर्ट'मध्ये (१९८८) व्हॅन डॅम एकदम पाय फाकवून खाली बसतो आणि समोरच्याच्या नाजूक जागी ठोसा हाणतो. तो डाव केजला मिळाला. मग १९९५ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' सिनेमात केज चार हातांच्या गोरोला तोच ठोसा मारतो. सिनेमातून गेममध्ये आणि गेममधून परत सिनेमात असा तो फिरून आला. खुद्द व्हॅन डॅम मात्र तेव्हा दुसऱ्या गेमच्या सिनेमात चिलखती गाड्या आणि बोटी घेऊन फिरत होता.

कसं करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, असंही नाही. हॉलीवूडच्या आधीच, १९९३ साली, हाँगकाँगच्या वाँग जिंगने 'सिटी हंटर' काढला. तो जपानी मांगावरचा सिनेमा, 'स्ट्रीट फायटर'शी त्याचा संबंध नाही. पण मधेच जहाजावरच्या गेमच्या खोलीत मारामारी होते, जॅकी चॅन यंत्रावर आदळतो, विजेचा झटका बसतो आणि समोरचा गॅरी डॅनियल्स केन होतो. जॅकी आधी जाडजूड होंडा होतो, मग चुन-ली. निळा पोशाख, दोन अंबाडे, सगळं जसंच्या तसं. पुढची काही मिनिटं गेमचेच आवाज, गेमच्याच ढंगाच्या झेपा, तेच अडखळणं. लोक हा भाग विनोद म्हणून दाखवतात. मी तो अभ्यास म्हणून बघतो. जॅकीने चुन-लीचं वजन, तिची उसळी, जिंकल्यावरचा तिचा आनंद हे सगळं अंगात घेतलं आहे. अधिकृत 'स्ट्रीट फायटर'ने पावणेदोन तासांत जे केलं नाही ते या माणसाने सिनेमाच्या एका कोपऱ्यात करून ठेवलं.

१९९५ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' थोर सिनेमा नाही. संवाद बेतास बात, संगणकाने केलेला सरपटणारा प्राणी आज बघवत नाही. पण दिग्दर्शक पॉल अँडरसनने दोन गोष्टी बरोबर केल्या. एक, स्पर्धा ठेवली. बेटावर जायचं, एकेकाशी लढायचं, हरलात तर पृथ्वी गेली. याहून जास्त कथा 'एंटर द ड्रॅगन'लाही लागली नव्हती. दुसरी गोष्ट मोलाची. सिनेमा आधी निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, मारामारी कमी पडते. मग पुन्हा चित्रण करून लढती वाढवल्या. लिऊ कँग करणारा रॉबिन शू हाँगकाँगच्या सिनेमात तावून सुलाखून निघालेला होता. सरड्यासारख्या रेप्टाईलशी त्याची झुंज त्यानेच बसवली. ती बघा. माणूस भिंतीवर आदळतो ते अख्खं दिसतं, उठतो ते दिसतं, पहिल्या फेरीत कमी पडलेला तोच दुसऱ्या फेरीत काय बदलतो तेही दिसतं. दोन कोटी डॉलरच्या आसपासच्या खर्चात हा सिनेमा झाला आणि त्याने बारा कोटींच्या वर मिळवले. प्रेक्षकांनी मागितलं ते दिलं, एवढाच चमत्कार.

दोन वर्षांनी दुसरा भाग आला, 'अ‍ॅनिहिलेशन'. पात्रांची खोगीरभरती, प्रत्येकाला मिनिटभर. पुढचं बोलत नाही.

आता खरा राग कशाचा ते सांगतो. हात चांगले होते आणि तरी वाया घालवले. 'डीओए'चा (२००६) दिग्दर्शक कोरी युएन हा जॅकी चॅनबरोबर एकाच पेकिंग ऑपेरा शाळेत घडलेला माणूस. १९८५ च्या 'येस, मॅडम'मध्ये मिशेल योहला त्यानेच असं लढवलं होतं की आजही तोंडात बोट जातं. त्याच्या सिनेमात बिकिनीतला व्हॉलीबॉल लोकांच्या लक्षात राहिला. 'द किंग ऑफ फायटर्स'चा (२०१०) दिग्दर्शक गॉर्डन चॅन. जेट लीच्या 'फिस्ट ऑफ लेजंड'चा दिग्दर्शकही हाच. एक पाहिल्यावर दुसऱ्यावरचं त्याचं नाव खरं वाटत नाही. 'लेजंड ऑफ चुन-ली' (२००९) चुन-लीला पियानो वाजवायला बसवतो, तेवढं सांगून मी पुढे जातो.

'टेकन' (२०१०) मात्र थांबून बघण्याजोगा, कारण पुरावा तिथे आहे. त्यात जिन झालेला जॉन फू आणि एडी गोर्डो झालेला लतीफ क्राउडर हे दोघंही पाच वर्षं आधी थायलंडच्या 'टॉम-यम-गूंग'मध्ये टोनी जाशी लढले होते. ती लढत आठवा. आग लागलेलं मंदिर, जमिनीवर पाणी, क्राउडर कापोएराच्या गिरक्या घेत येतो आणि प्रत्येक गिरकीला पाणी उडतं. पाय कुठून सुटला, किती उंच गेला, टोनी जा त्याच्या खालून कसा सरकला, एकही गोष्ट कॅमेऱ्याने लपवली नाही. त्याच सिनेमात टोनी जा एका इमारतीचा जिना मारामारी करत वर चढतो आणि सुमारे चार मिनिटं कात्री लागत नाही. आता 'टेकन' लावा. तोच क्राउडर, तोच कापोएरा. पाय निघतो एका शॉटमध्ये, लागतो दुसऱ्यात, पडणारा माणूस तिसऱ्यात, मधे गर्दीतल्या कुणाचा तरी चेहरा. ज्याला येतं त्याचं कसब कापायचं आणि ज्याला येत नाही त्याची उणीव झाकायची, दोघांवर एकच कात्री. मग जन्मभर शिकलेल्या माणसाला घेतलं कशाला?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या माणसाला हे दाखवून बघा. तिथे हौदा खाली, प्रेक्षक चहूबाजूंनी वर, म्हणजे कुणाच्याही नजरेआड काही जाऊ नये. मल्लाने ढाक लावली तर पाय कुठे अडकवला, समोरच्याचा तोल कधी गेला, हे शेवटच्या रांगेतला म्हातारा घरी गेल्यावर करून दाखवतो. त्याला कुणी म्हणालं की डाव लागायच्या क्षणी आम्ही तुम्हाला पंचाचा चेहरा दाखवू, तर तो उठून जाईल. मारामारीच्या गेमचा चाहता याच बिरादरीतला आहे. त्यालाही डाव नावानिशी माहीत असतो, तो किती क्षणांचा हेही माहीत असतो. त्याला फसवता येत नाही.

मग हे काम कुणी केलं? एक तर ॲनिमेशनने केलं, आणि तेही १९९४ सालीच. गिसाबुरो सुगी यांनी दिग्दर्शित केलेला 'स्ट्रीट फायटर टू'चा ॲनिमेशनपट. त्यात चुन-लीच्या घरात रात्री वेगा शिरतो. खोली लहान आहे, सामान अंगावर येतं, नखी लागते तिथे रक्त येतं आणि ती दर फटक्यानिशी दमत जाते. अख्खा सोफा उचलून त्याच्यावर फेकते, कारण हाताला तेवढंच लागतं. शेवटी तिच्या लाथांच्या माऱ्याने तो भिंतीतून बाहेर जातो, आणि ती जिंकून कोसळते. रंगवलेली माणसं, पण त्यांना वजन आहे, थकवा आहे. हाडामांसाची माणसं हाताशी असलेल्यांना हे का सुचू नये?

दुसरं केलं ते चाहत्यांनी. जोई अँसा हा इंग्लंडचा लढवय्या नट. 'बोर्न अल्टिमेटम'मध्ये टँजियरच्या घरात जेसन बोर्नशी जो भिडतो तो हाच. थरथरता कॅमेरा आणि झटपट तोडलेले शॉट या पद्धतीची ती सगळ्यात गाजलेली मारामारी, आणि तिथे ती पद्धत शोभतेही, कारण दोन घाबरलेली जनावरं एका बाथरूममध्ये कोंडली आहेत. हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलेल्या माणसाने २०१४ मध्ये 'असॅसिन्स फिस्ट' ही वेबमालिका दिग्दर्शित केली तेव्हा बरोबर उलटं केलं. कॅमेरा मागे नेला, स्थिर केला. रियू आणि केन म्हणजे माइक मोह आणि क्रिस्चन हॉवर्ड. ते गुरूपाशी राहतात, झाडतात, पाणी भरतात, सराव करतात. दोन तळहातांमधून ऊर्जेचा गोळा निघायला वेळ लागतो, कारण तो मिळवावा लागतो. पैसा हॉलीवूडच्या मानाने किरकोळ होता. पण कुठेही लाज नाही. खेळाकडे परंपरा म्हणून बघणारी माणसं होती ती.

२०२१ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' मला सर्वांत जास्त चिडवतो, कारण त्याची सुरुवात अप्रतिम आहे. १६१७ चा जपान. हिरोयुकी सनाडा आपल्या बायको-मुलाला वाचवू शकत नाही. बायको बागकामाला वापरायची ते टोकदार हत्यार तो उचलतो, त्याला दोर बांधतो आणि भिरकावतो. स्कॉर्पियनचा दोराचा भाला गेममध्ये जगाने तीस वर्षं पाहिला होता. तो कुठून आला, हे एका गाठीत सांगितलं. शब्द नाही. समोर जो तस्लीम, इंडोनेशियाच्या ज्युडो संघातून 'द रेड'मध्ये आलेला. दोघांनाही अंग कसं बोलतं ते ठाऊक आहे.

आणि मग दिग्दर्शक या दोघांना बाजूला ठेवून कोल यंग नावाचा, गेममध्ये नसलेला नायक आणतो. का? नवख्या प्रेक्षकाला हात धरून न्यायला कुणीतरी हवा म्हणून. गाईलला पुढे केलं तेव्हाही हाच हिशेब होता. स्पर्धेच्या गेमवरच्या या सिनेमात स्पर्धा शेवटपर्यंत सुरूच होत नाही. मधल्या लढती पुन्हा 'टेकन'च्याच वाटेने तुकड्यातुकड्यांत. शेवटी सनाडा परत येतो तेव्हा कळतं की आपण पावणेदोन तास याचीच वाट बघत होतो.

आता १६ ऑक्टोबर २०२६ ही तारीख जाहीर झालेला नवा 'स्ट्रीट फायटर'. दिग्दर्शक किताओ साकुराई, रियू म्हणजे अँड्र्यू कोजी, आणि धालसिम म्हणजे आपला विद्युत जामवाल. ही निवड मला मनापासून पटली. लहानपणापासून कलरीपयट्टू शिकलेला हा माणूस. निशिकांत कामतच्या 'फोर्स'मध्ये (२०११) तो पहिल्यांदा हिंदी पडद्यावर आला तेव्हा नायकापेक्षा लोक त्याच्याबद्दल बोलत होते, कारण त्याच्या उड्या कुणी संगणकावर केलेल्या नव्हत्या. कलरीत जमिनीला टेकलेली खोल बैठक असते, तिथून एकदम उसळी असते, पाय कपाळापर्यंत जातो. संथ दिसणारा आणि अचानक लांब होणारा धालसिम उभा करायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. १९९४ मध्ये ज्या पात्राला प्रयोगशाळेत कोंडलं, त्याला पहिल्यांदाच लढणारा भारतीय मिळाला आहे.

भीतीही आहे. कलाकारांची यादी लांबलचक आहे, कुस्तीच्या रिंगणातले तारे आहेत, गायक आहेत, प्रत्येकाला आपापला क्षण द्यायचा दबाव असणार. अशा वेळी सगळ्यात आधी कात्री लागते ती ज्याला खरंच येतं त्याच्या कसबाला, कारण बाकीचे त्याच्याशेजारी उघडे पडतात. आणि धालसिमला पुन्हा ध्यान लावून दोन गूढ वाक्यं बोलायला बसवणं फार सोपं आहे.

म्हणून तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवा आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारा: कुणी कुणाला कसं हरवलं, हे तुम्हाला घरी करून दाखवता येईल का? येत नसेल तर ज्याने ते लपवलं त्याचं नाव घेऊन तसं मोठ्याने सांगा, कारण १९९५ मध्ये प्रेक्षकांनी सांगितलं तेव्हा निर्मात्यांनी ऐकलं होतं. आणि साकुराईंना माझी विनंती एकच आहे. धालसिमचा हात ताणला जाईल तेव्हा कॅमेरा मागे घ्या, आणि विद्युतचा खांदा आणि त्याची मूठ दोन्ही एकाच चौकटीत दाखवा.